चेक इंजिन लाइट क्लिअर केली तरी परत येतेय? घरच्या घरी खरं कारण असं शोधा

डॅशबोर्डवर पिवळं इंजिन दिसलं, कुणीतरी स्कॅनर लावून क्लिअर करून दिलं, थोडे दिवस बरे गेले आणि मग एका सकाळी तीच लाइट पुन्हा हजर, हे ज्यांच्या गाडीला चालू आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. क्लिअर केल्याने फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, लिहून ठेवलेली तक्रार पुसली जाते, दोष जिथे होता तिथेच असतो. ईसीयू आपल्या चाचण्या परत सुरुवातीपासून घेतो, त्यातल्या काही प्रत्येक वेळी होतात तर काही ठरावीक परिस्थिती जुळली तरच होतात, म्हणून कुणाची लाइट दुसऱ्याच दिवशी येते आणि कुणाची दोन आठवड्यांनी. लाइट परत आली म्हणजे स्कॅनर वाईट होता किंवा ईसीयू बिघडला असं नसतं, उलट ईसीयू त्याचं काम बरोबर करतोय.

सगळ्यात आधी बघा लाइट स्थिर आहे की लुकलुकतेय. लुकलुकत असेल तर पाय ॲक्सिलरेटरवरून हलका करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा, कारण याचा अर्थ एखादा सिलिंडर इतका मिसिंग मारतोय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटेलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतंय. त्या उष्णतेने आतली जाळी अक्षरशः वितळते, आणि मग जे काम एका कॉइलमध्ये (प्लगला ठिणगी पुरवणारा पार्ट) संपलं असतं त्यात कन्व्हर्टरचाही खर्च येतो. अशी गाडी टो करून न्यावी लागली तरी चालेल पण रेटत नेऊ नका. लाइट स्थिर असेल, गाडीचा आवाज आणि पिकअप नेहमीसारखा असेल, टेंपरेचर ठीक असेल तर घाबरायचं कारण नाही, शांतपणे तपासायला वेळ आहे. मात्र ऑइलची किंवा टेंपरेचरची लाल लाइट ही वेगळी गोष्ट, ती लागली तर इंजिन लगेच बंद.

स्कॅनर लावायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा, लाइट पहिल्यांदा लागली त्याच्या आधी गाडीला काय झालं होतं? सर्व्हिसिंग, एअर फिल्टर बदलणं, बॅटरी काढणं, इंजिन पाण्याने धुणं, खूप दिवस गाडी उभी राहणं, टाकी अगदी गळ्यापर्यंत भरणं, यातलं काहीही असेल तर तपास तिथूनच सुरू करायचा. फिल्टर बदलल्यावर एअर बॉक्सचं झाकण नीट न बसणं किंवा सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) अर्धवट लागणं हे इतकं वेळा होतं की मी तरी बोनेट उघडलं की पहिला हात तिथेच लावतो.

आता स्कॅनर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-टू पद्धतीचं, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले तक्रारीचे कोड वाचायचं, सॉकेट सक्तीचं झालं, डिझेलला युरोपात ते थोडं नंतर आलं, आणि आता जवळपास सगळीकडे तेच आहे. सोळा पिनांचं, एका बाजूला निमुळतं सॉकेट असतं, स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याच्या आसपास सापडतं. महागडं मशीन लागत नाही, मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा छोटा अडॅप्टर आणि एखादं ॲप एवढ्यात घरचं काम भागतं, फक्त आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो. घेताना एकच गोष्ट बघा, तो नुसता कोड वाचणारा नको, लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे) आणि फ्रीझ फ्रेम दाखवणारा हवा. का ते पुढे येतंच आहे. अडॅप्टर लावून त्याची लाइटच लागली नाही तर त्या सॉकेटचा फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या फ्यूजशी जोडलेला असतो आणि तोच उडालेला असतो. आणि काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट मिळत राहतो, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी उतरू शकते.

चावी ऑन, इंजिन बंद, आणि कोड वाचा. वाचल्यावर क्लिअर बटणाला हातही लावू नका. जे दिसतंय त्या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, साठवलेले कोड, पेंडिंग कोड, आणि ॲप दाखवत असेल तर पर्मनंट कोडसुद्धा. पेंडिंग म्हणजे ईसीयूला एकदा शंका आली आहे पण खात्री नाही, बहुतेक दोषांसाठी तो दुसऱ्या फेरीतही (एक फेरी म्हणजे स्टार्ट करून, चालवून, बंद करणं) तेच दिसलं तरच लाइट लावतो. पर्मनंट कोड नव्या गाड्यांत असतात, ते स्कॅनरने पुसत नाहीत आणि बॅटरी काढूनही जात नाहीत, ईसीयूने स्वतः परत चाचणी घेऊन पास केलं तरच जातात.

आणि फ्रीझ फ्रेम. परत परत येणाऱ्या लाइटसाठी यापेक्षा मोलाची माहिती दुसरी नाही आणि बहुतेक लोक हीच न बघता पुसून टाकतात. कोड नोंदवला त्या क्षणी आरपीएम किती होता, स्पीड किती, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, फ्युएल ट्रिम (ईसीयू हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय), हे सगळं तिथे गोठवून ठेवलेलं असतं. समजा मिसफायरचा, म्हणजे मिसिंगचा, कोड आहे आणि फ्रेममध्ये कूलंट २० डिग्री आणि आरपीएम हजारच्या आसपास, तर दोष सकाळच्या थंड स्टार्टला होतोय, दुपारी गरम गाडी घेऊन तासभर फिरलात तरी तुम्हाला तो सापडणार नाही. उलट फ्रेममध्ये ९० डिग्री, ३००० आरपीएम आणि लोड जास्त असेल तर तो चढावर किंवा ओव्हरटेक करताना येतोय. मेकॅनिक म्हणतो 'माझ्याकडे तर गाडी नीट चालतेय' त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. बॅटरीची वायर काढून लाइट घालवायचा सल्ला म्हणूनच मला अजिबात पटत नाही, त्यात हा सगळा पुरावा नष्ट होतो.

कोड वाचायचा कसा तर पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं, सी चॅसिसचं, बी बॉडीचं आणि यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलं. पुढचा आकडा ० असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारखा, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा कोड, तिथे इंटरनेटवरचा भलत्याच गाडीचा अर्थ घेऊ नका. त्यानंतरचा आकडा विभाग सांगतो, १ आणि २ हवा-इंधन, ३ इग्निशन, ४ प्रदूषण नियंत्रण, ७ आणि ८ गिअरबॉक्स. आणि हे नीट लक्षात घ्या की कोड पार्टचं नाव सांगत नाही, ईसीयूला काय दिसलं ते सांगतो. पी०१७१ म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय' एवढंच. ऑक्सिजन सेन्सरने ते कळवलं म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलतात, जो बिचारा खरं बोलत होता, आणि लाइट दोन दिवसांत परत.

पी०१७१ वर जरा थांबतो कारण घरी शोधता येण्यासारखा आणि सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट बदलले जाणारा कोड हाच. इंजिन पूर्ण गरम करा, गाडी मोकळ्या हवेत उभी हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो. लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम लावा. दोन्हींची बेरीज करायची. शून्याच्या आसपास, साधारण उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर ठीक समजा, अधिक २० किंवा २५ म्हणजे ईसीयू हिशोबापेक्षा तेवढे टक्के पेट्रोल जास्त ओततोय तेव्हा कुठे मिश्रण जमतंय. आता आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, आकडा बघा, मग रेस देऊन २५०० आरपीएमला धरा आणि परत बघा. आयडलिंगला खूप जास्त आणि रेसवर खाली आला तर कुठूनतरी चोरून हवा आत जातेय, म्हणजे व्हॅक्युम लीक, कारण आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा ओढतं तेव्हा ती चोरटी हवा प्रमाणात जास्त पडते, रेसवर एवढ्या मोठ्या प्रवाहात ती हरवून जाते. आयडलिंगला ठीकठाक आणि लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर लीक शोधत बसू नका, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर. ही एक चाचणी फुकट आहे आणि अर्धा तपास तिथे संपतो.

लीक शोधताना एअर बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाईप वाकवून त्याच्या घड्यांच्या आत बघा, चीर वरून दिसत नाही. क्रँककेसचा पीसीव्ही पाईप (इंजिनच्या तळातली वाफ परत आत नेणारा), ब्रेक बूस्टरचा पाईप, बारीक व्हॅक्युम नळ्यांची टोकं, डिपस्टिक, ऑइलचं झाकण, एकेक करून. इंजिन चालू असताना सूं आवाज येतो का ऐका, संशयाच्या जागी साबणाचं पाणी थोडं टाकलं तर क्षणभर भोक बुजून आयडलिंग बदलतं. काही जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून बघतात, ते पेटणारं असतं, गरम एक्झॉस्टजवळ मी तरी हे कुणाला करायला सांगणार नाही. पंखा आणि बेल्टपासून हात आणि सैल बाह्या लांब. एमएएफ घाण वाटला तर त्याच्यासाठी मिळणाराच स्प्रे वापरा, आतल्या तारेला कापूस, बोट, ब्रश काहीही लावायचं नाही.

मिसफायर, म्हणजे पी०३०० ते पी०३०४ आणि पुढचे. शेवटचा आकडा सिलिंडरचा, ० असेल तर ठरावीक एक सिलिंडर नाही. पी०३०१ आला असेल आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर एक नंबरची कॉइल तीन नंबरला आणि तीनची एकला टाका, कोड क्लिअर करा (स्क्रीनशॉट काढलेत ना) आणि गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेलेली, सिद्ध झालं, तेवढीच बदला. एक नंबरवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करून हाच खेळ. तरी तिथेच राहिला तर इंजेक्टर, त्या कॉइलची वायरिंग किंवा कॉम्प्रेशन, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टरला घरी हात लावायचा नाही, तिथलं प्रेशर भयानक असतं. प्लग काढलात की नीट बघून घ्या, कोरडा काळा कोळसा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय, अगदी पांढराफटक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा प्लग फार तापतोय. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं असेल तर वरच्या कव्हरचं गॅस्केट गळतंय, नवी कॉइल टाकली तरी ती पण त्यातच भिजून जाणार आणि लाइट परत येणार. इंजिन धुतल्यावर किंवा पावसातच मिसिंग होत असेल तर त्या खड्ड्यात पाणी आहे का बघा. आणि फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग, सोबत कूलंटची पातळी हळूहळू खाली जाते आणि मागून पांढरा वाफेसारखा धूर बराच वेळ येत राहतो, असं त्रिकूट जमलं तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय, तिथे घरचे प्रयोग बंद करा.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही, दिसला की कन्व्हर्टर गेला असं सरळ सांगितलं जातं आणि तो महाग पार्ट, म्हणून इथे घाई नको. आधी बघा सोबत मिसफायरचा किंवा मिश्रणाचा कोड आहे का, असेल तर तो आधी सोडवा, कारण कन्व्हर्टर स्वतःहून क्वचित मरतो, त्याला बहुतेक वेळा मिसफायर, जळणारं ऑइल किंवा आत झिरपणारं कूलंट मारतं, आणि ते तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाईल. मग एक्झॉस्टला सेन्सरच्या आसपास गळती आहे का, जोडांवर काळे काजळीचे डाग, थंड स्टार्टला टिक-टिक आवाज, कारण तिथून आत ओढली जाणारी हवा मागच्या सेन्सरला फसवते. त्यानंतर लाइव्ह डेटात गरम इंजिनवर २५०० आरपीएमला मागचा ऑक्सिजन सेन्सर बघा, कन्व्हर्टर चांगला असेल तर त्याचा व्होल्टेज ०.६ ते ०.८ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतो, तो जर ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली नाचत असेल तर कन्व्हर्टरची ताकद खरंच संपत आलीय. पुढच्या सेन्सरशी तुलना करताना जपून, नव्या गाड्यांत तिथे वेगळ्या प्रकारचा एअर-फ्युएल सेन्सर असतो, तो मुळात तसा नाचतच नाही.

इंधनाच्या वाफेची गळती, पी०४४२, पी०४५५, पी०४५७, हे कोड 'कधीही अचानक' येतात असं वाटतं पण त्यामागे कारण आहे, ही चाचणी बहुतेक गाड्यांत इंजिन थंड असताना स्टार्ट झाल्यावर आणि टाकी पूर्ण भरलेली किंवा रिकामी नसतानाच होते. पी०४४२ सुमारे एक मिलिमीटर भोकाएवढ्या गळतीलाही लागतो. टाकीचं झाकण काढून त्याच्या रबरी रिंगला चीर, माती काही आहे का बघा, पुसा, टक-टक वाजेपर्यंत घट्ट करा. लाइट लगेच जाणार नाही, काही फेऱ्या लागतील. पेट्रोल भरल्यावर लगेचच गाडी स्टार्टला त्रास देते आणि एरवी नाही असं असेल तर झाकण सोडा, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय असं समजून तिकडे बघा.

पी०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं गरम होत नाही, बहुतेक वेळा उघडा राहिलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह). पण आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन पूर्ण थंड असताना, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. डिझेलवाल्यांना पी२४६३ येत असेल तर डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) काजळी साठलीय, रोज फक्त छोटे छोटे प्रवास असतील तर ती जाळायला गाडीला वेळच मिळत नाही, आणि नुसतं क्लिअर करत राहिलात तर फिल्टर पूर्ण तुंबेल. लांब, एकसारख्या वेगाची फेरी मारूनही उतरत नसेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर, प्रेशर सेन्सरची नळी यांच्याकडे बघावं लागतं, काजळी जास्त का होतेय हा खरा प्रश्न असतो.

एकदम पाच-सात वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले कोड आले, त्यात यू वाले पण आहेत, तर सेन्सर मोजत बसू नका, मल्टिमीटर काढा. इंजिन बंद करून काही तास उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १३.५ ते १४.७ च्या दरम्यान, नव्या गाड्यांत अल्टरनेटर चार्जिंग कमी-जास्त करतो म्हणून थोडा फरक पडतो. बॅटरी कमजोर, टर्मिनल सैल किंवा पांढरी बुरशी धरलेलं, इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलेली, यातून कोडांचा पाऊस पडतो. ते सगळं ठीक असेल तर पाच व्होल्टची लाइन बघा, अनेक सेन्सरांना ईसीयू एकाच लाइनवरून पाच व्होल्ट देतो आणि एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो बाकीच्यांनाही खाली ओढतो. चावी बंद करून एकेक कपलर काढायचा, चावी ऑन करून मोजायचं, ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तो चोर. उंदरांनी कुरतडलेली वायर पण विसरू नका, गाडी उभी राहते तिथे ते असतील तर इंजिनच्या वर साचलेला पाला, लेंड्या आणि वायरवरच्या दातांच्या खुणा शोधा.

कधी येते कधी जाते असा दोष असेल तर लाइव्ह डेटा चालू ठेवून त्या सेन्सरची वायर आणि कपलर हळूच हलवत जा, आकडा उडी मारेल तिथे तुटकी वायर किंवा सैल पिन. कपलर काढून आत बघा, हिरवट गंज, वाकलेली पिन, पाणी. मला विचाराल तर सेन्सर बदलायच्या आधी कपलर बघणं हा नियमच करा, नवा सेन्सर लावताना कपलर काढला-लावला जातो, संपर्क तात्पुरता सुधारतो, सगळ्यांना वाटतं सेन्सरच गेला होता, आणि महिन्याभराने तेच.

दुरुस्ती केली की मग क्लिअर करा, आणि 'झालं' म्हणायची घाई करू नका. ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर असतात, म्हणजे ईसीयूच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या त्याची यादी, क्लिअर केल्यावर बरेचसे अपूर्ण दाखवतात, ते पूर्ण होईपर्यंत लाइट नाही याला काही अर्थ नाही, ईसीयूने अजून तपासलंच नाहीये. प्रदूषण तपासणीत हे मॉनिटर बघितले जात असतील तर आदल्या दिवशी क्लिअर करून गेलात तरी गाडी परत पाठवतील. फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच मुद्दाम तयार करा, थंड स्टार्टचा दोष असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी, चढावरचा असेल तर चढावर, आणि मग पेंडिंग कोड वाचा. पेंडिंगमध्ये काही नाही, ट्रिम शून्याजवळ आला, मॉनिटर पूर्ण, तर दोष गेला. क्लिअर न करता सोडलं तरी सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की साधारणपणे लाइट आपोआप जाते, आणि कोड मेमरीतून इंजिन सुमारे ४० वेळा थंडाचं गरम झाल्यावर पुसला जातो, म्हणून लाइट नसलेली जुनी गाडी विकत घेताना पण कोड आणि मॉनिटर दोन्ही बघा.

कुठे थांबायचं तेही सांगतो. पी००१६ (क्रँक आणि कॅम यांची जुळणी चुकतेय) सोबत इंजिनमधून चेन खडखडल्याचा आवाज असेल तर गाडी चालवू नका, टायमिंग सरकलेलं असू शकतं. पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने स्वतःचा कोड ठेवलाय, तो साध्या ॲपला बऱ्याचदा दिसत नाही. कॉम्प्रेशन, पेट्रोलचं प्रेशर, एअरबॅगचं काहीही, हायब्रिडच्या केशरी वायरी, हे गॅरेजचं काम. पण जाताना नुसतं 'लाइट लागते' असं सांगू नका, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, आयडलिंग आणि २५०० ला ट्रिम किती होता, कोणती कॉइल कुठे बदलून बघितली आणि त्याने काय झालं, कोणत्या वेळी आणि किती गरम इंजिनवर येतं, हे एका कागदावर लिहून द्या, आणि त्यांनी क्लिअर करायच्या आधी त्यांच्या स्कॅनरवरचे कोडही तुमच्यासमोर लिहून घ्या.